एकाच दिवशी दोन कौल : पश्चिम ऑस्ट्रेलिया, १९३३

१/
८ एप्रिल १९३३. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी ऑस्ट्रेलियन संघराज्यातून फुटून निघण्याच्या बाजूने जवळजवळ दोनास एक असा कौल दिला. त्याच दिवशी त्यांनी या मागणीचा पुरस्कार करणारे राज्य सरकार पाडले आणि तिच्याशी सहमत नसलेल्या पक्षाच्या हाती सत्ता सोपवली. मग जनतेने नेमके काय सांगितले? हा वाद पर्थहून थेट लंडनपर्यंत गेला.

२/
१ जानेवारी १९०१ रोजी सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले. त्यात पश्चिम ऑस्ट्रेलिया सर्वांत शेवटी सामील झाला. ब्रिटिश संसदेने संघराज्याचा कायदा संमत केला तेव्हा तेथे सार्वमतही झालेले नव्हते. म्हणूनच त्या कायद्याच्या प्रास्ताविकेत इतर पाच वसाहतींची नावे आहेत. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे नाही.

३/
या विलंबामागे भूगोल होता. भूभाग खंडाच्या एक तृतीयांश, पण लोकवस्ती अत्यंत विरळ. पर्थ आणि पूर्वेकडील शहरे यांच्या मध्ये नलारबोरचे ओसाड पठार पसरलेले. पूर्वेला जोडणारा लोहमार्ग नव्हता, जाणे-येणे समुद्रमार्गे. संघराज्यात गेल्यास सिडनी-मेलबर्नच्या उद्योगांपुढे आपला निभाव लागणार नाही, ही भीती पर्थच्या प्रतिष्ठित वर्गात खोल रुजलेली होती.

४/
पारडे फिरवले ते सोन्याने. १८९२-९३ मध्ये कूलगार्डी आणि कालगूर्ली येथे सोने सापडले आणि पूर्वेकडून हजारो खाणकामगार आले. त्यांना आपल्या मूळ वसाहतींशी एकत्र यायचे होते; अन्यथा सोन्याच्या प्रदेशाची वेगळी वसाहत करा, अशी त्यांची मागणी होती. ३१ जुलै १९०० च्या सार्वमतात संघराज्याच्या बाजूने ४४,८०० आणि विरोधात १९,६९१ मते पडली.

५/
असंतोष मात्र लवकरच डोके वर काढू लागला. १९०६ मध्येच राज्याच्या विधानसभेने संघराज्यातून बाहेर पडण्याच्या बाजूने ठराव केला. पूर्व-पश्चिम जोडणारा लोहमार्ग पूर्ण व्हायला १९१७ साल उजाडले. संघराज्याची संसद १९२७ पर्यंत मेलबर्नला आणि नंतर कॅनबेराला भरे. पर्थच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे सारखीच दूर होती.

६/
तक्रारीचे मूळ आर्थिक रचनेत होते. संघराज्याने आयात मालावर जबर जकात बसवून देशी कारखान्यांना संरक्षण दिले. हे कारखाने बहुतांशी पूर्वेला होते. पश्चिमेचा शेतकरी आपला गहू जागतिक बाजारात, मिळेल त्या भावाने विके. नांगर, यंत्रे आणि कपडे मात्र जकातीने चढलेल्या किमतीत घेई. संरक्षणाचा लाभ एकाला, त्याची किंमत दुसऱ्याला, असे त्याला वाटे.

७/
१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने या दुखण्यावर मीठ चोळले. १९३० मध्ये केंद्र सरकारने अधिक गहू पिकवा, अशी हाक दिली आणि बुशेलमागे ४ शिलिंग भावाची हमी देऊ केली. शेतकऱ्यांनी पेरणी वाढवली. हमीचे विधेयक सिनेटमध्ये अडले आणि बाजारभाव कोसळला. दूरच्या सरकारवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

८/
त्याच वर्षी पर्थमध्ये ‘डोमिनियन लीग’ स्थापन झाली. तरुण लेखापाल एच. के. वॉटसन हे तिचे प्रमुख चालक. कॅनडा किंवा न्यूझीलंडप्रमाणे पश्चिम ऑस्ट्रेलियाने ब्रिटिश साम्राज्यात राहून स्वतंत्र डोमिनियन व्हावे, ही तिची मागणी. म्हणजे हे बंड ब्रिटिश राजमुकुटाविरुद्ध नव्हते, तर कॅनबेराविरुद्ध होते. हा भेद पुढे निर्णायक ठरला.

९/
विरोधकांचाही पक्ष दुबळा नव्हता. मंदी जगभर आहे. वेगळे झाल्याने गव्हाचा भाव वाढेल कसा? जेमतेम ४ लाख ४० हजार लोकांनी एवढ्या प्रचंड किनाऱ्याचे संरक्षण कशाच्या बळावर करायचे? पंतप्रधान जोसेफ लायन्स आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचेच सिनेटर असलेले जॉर्ज पिअर्स प्रचाराला आले. त्यांच्या वाट्याला बहुधा हुर्योच आली.

१०/
मुख्यमंत्री जेम्स मिचेल स्वतः फुटून निघण्याच्या बाजूचे. त्यांच्या सरकारने विधानसभेच्या निवडणुकीच्याच दिवशी सार्वमत ठेवले. प्रश्न दोन होते. पहिला : राज्याने संघराज्यातून बाहेर पडावे काय? दुसरा : राज्यघटनेत बदल सुचवण्यासाठी सर्व राज्यांची परिषद बोलवावी काय? दुसरा प्रश्न म्हणजे तडजोडीची वाट होती.

११/
निकाल निःसंदिग्ध होता. बाहेर पडण्याच्या बाजूने १,३८,६५३ मते; विरोधात ७०,७०६. तडजोडीची वाट मात्र मतदारांनी नाकारली : परिषदेच्या बाजूने ८८,२७५, विरोधात १,१९,०३१. लक्षणीय बाब अशी की, १९०० मध्ये राज्याला संघराज्यात ओढून नेणाऱ्या सोन्याच्या पट्ट्यानेच याही वेळी संघराज्याची साथ दिली.

१२/
आता दुसऱ्या मतपेटीकडे पाहावे. ५० जागांच्या विधानसभेत मजूर पक्षाने ३० जागा जिंकल्या. मिचेल स्वतःच्या नॉर्दॅम मतदारसंघात पराभूत झाले. त्यांना हरवणारे बर्ट हॉक पुढे १९५३ मध्ये मुख्यमंत्री झाले. नवे मुख्यमंत्री फिलिप कॉलिअर यांना फुटून निघण्यात रस नव्हता आणि त्यांच्या पक्षाचा कल सबळ केंद्राकडे होता.

१३/
मतदार गोंधळले होते काय? तसे मानण्याचे कारण नाही. एका मतपत्रिकेने विचारले : या संघराज्यात तुम्हाला न्याय मिळतो काय? दुसरीने विचारले : मंदीच्या काळात या सरकारने तुम्हाला काम आणि भाकरी दिली काय? दोन्ही प्रश्नांना लोकांनी रागाने उत्तर दिले. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. फक्त ती एकमेकांशी जुळत नव्हती.

१४/
पेच कॉलिअर यांच्यापुढे उभा राहिला. ज्या निर्णयावर स्वतःचा विश्वास नाही, तो अमलात आणण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी कौल झुगारला नाही आणि घाईही केली नाही. ब्रिटिश संसदेकडे अर्ज करण्यासाठी १९३४ मध्ये कायदा झाला. वॉटसन यांच्यासह चौघांचे शिष्टमंडळ राज्याची बाजू मांडण्यास सज्ज झाले.

१५/
लंडनच का? ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत बाहेर पडण्याचे कलमच नाही. प्रास्ताविकेत तर संघराज्य अविभाज्य म्हटले आहे. मात्र ती घटना ब्रिटिश संसदेच्या कायद्याचा भाग होती. ज्यांनी गाठ बांधली त्यांनीच ती सोडवावी, असा हा युक्तिवाद. राज्याने आपली कैफियत एका जाडजूड ग्रंथात मांडली आणि केंद्र सरकारने प्रत्युत्तराचे पुस्तक काढले.

१६/
ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने १९३५ मध्ये निर्णय दिला : हा अर्ज विचारार्थ स्वीकारताच येत नाही. डोमिनियनच्या अंतर्गत रचनेत तेथील केंद्राच्या विनंतीशिवाय ब्रिटनने हात घालू नये, असा संकेत होता आणि १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याच्या काळात तो अधिकच दृढ झाला होता. मागणी योग्य की अयोग्य, याला समितीने स्पर्शही केला नाही.

१७/
येथे खरा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, लाखाहून अधिक लोकांचा स्पष्ट कौल तांत्रिक कारणाने दारातूनच परतवला गेला. दुसरी बाजू म्हणते, संघराज्य हा सर्व घटकांचा करार आहे. तो एकाच घटकाच्या बहुमताने कसा मोडेल? बहुमत मोजणे सोपे असते. ते कोणाचे मोजायचे, हे ठरवणे कठीण असते.

१८/
हाती काहीच लागले नाही, असेही नव्हे. १९३३ मध्येच लायन्स सरकारने ‘कॉमनवेल्थ ग्रँट्स कमिशन’ नेमले. दुर्बळ राज्यांना इतरांच्या तोडीचा कारभार करता यावा, इतके अनुदान त्यांना द्यावे, हे तत्त्व त्याने पुढे रुजवले. दरम्यान सोन्याचा भाव चढला, मंदी ओसरू लागली आणि चळवळीचा जोर मावळला.

१९/
अशा दुहेरी कौलाचे उदाहरण मराठी वाचकाला घराजवळही सापडते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन न करता केंद्रशासित ठेवण्याच्या बाजूने १,७२,१९१, तर विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्यानंतर काही आठवड्यांतच विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा निवडून आला आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

२०/
ब्रिटनमध्ये २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के मते पडली. तो निर्णय पुढे नेण्याचे काम आले थेरेसा मे यांच्याकडे, ज्या स्वतः संघात राहण्याच्या बाजूच्या होत्या. कॉलिअर यांचाच पेच. फरक एवढाच की युरोपीय संघाच्या करारात बाहेर पडण्याचे कलम होते. त्यामुळे ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडू शकला, पश्चिम ऑस्ट्रेलिया नाही.

२१/
सार्वमत ‘हो की नाही’ एवढेच विचारते. ते कोण अमलात आणणार, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या अटींवर, हे मतपत्रिकेवर नसते. १९३३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर ठामपणे दिले. उरलेल्या तिन्ही प्रश्नांवर ते उत्तर अडले.

२२/
आज लोहखनिजामुळे हे राज्य श्रीमंत आहे. संघराज्याच्या करातील आपला वाटा कमी पडतो, ही तक्रार तेथे अजूनही ऐकू येते. फक्त दिशा बदलली आहे : पूर्वी गाऱ्हाणे गरिबाचे होते, आता ते देणाऱ्याचे आहे. आणि ती तक्रार ज्या आयोगाच्या वाटपाविरुद्ध केली जाते, तो स्थापन झाला १९३३ सालीच.