क्रमबद्ध यादीतील शोध : एका पद्धतीचा पूर्वेतिहास

क्रमाने लावलेल्या यादीतील मधली नोंद पाहावी, नको असलेला निम्मा भाग सोडून द्यावा आणि उरलेल्या भागावर हीच क्रिया पुन्हा करावी, या द्विभाजन-पद्धतीचा इतिहास सामान्यतः १९४६ पासून सांगतात. त्या वर्षी फिलाडेल्फिया येथील मूर स्कूलमधील व्याख्यानात जॉन मॉक्ली यांनी तिचा उल्लेख केला. परंतु क्रम स्वतः फार प्राचीन आहे, आणि क्रम व शोधाचा नियम यांमधील हे अंतर विचार करण्यासारखे आहे.

सेल्यूकिद काळात उरुक येथील इनाकिबित-अनु याने षष्टिमान संख्या व त्यांचे व्यस्तांक मृत्पट्टिकेवर क्रमाने लिहून ठेवले. १२८६ मध्ये जोव्हान्नी बाल्बी यांनी पुऱ्या केलेल्या ‘कॅथोलिकॉन’ या लॅटिन ग्रंथात वर्णक्रम सोदाहरण समजावून द्यावा लागला, एवढेच नव्हे तर या श्रमांचा अव्हेर करू नये अशी विनवणीही वाचकास करावी लागली. (आपला अमरकोश वर्गवार रचलेला व मुखोद्गत करावयाचा; त्यास ही अडचण नव्हती.) रॉबर्ट कॉड्री यांचा १६०४ चा इंग्रजी कोश याही पुढे जातो. ‘बी’ आरंभाजवळ, ‘एन’ मध्याच्या सुमारास, ‘टी’ अखेरीकडे, अशी अक्षरांची स्थाने वाचकाने पाठ करावीत, असे तो सांगतो. आमच्या मते ही सूचना निव्वळ द्विभाजनाहून चतुर आहे, कारण ती स्थानाचा अंदाज आधीच बांधते. १९५७ मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. पीटरसन यांनी मांडलेली अंतर्वेशन-पद्धती याच जातीची होय.

मात्र कोश चाळणाऱ्याची नजर अपुरा नियम सावरून घेते. यंत्रास ती सोय नाही. नोंदी सम असल्यास मधली कोणती? नोंद यादीतच नसेल तर थांबावे कोठे? डोनाल्ड कनूथ यांनी १९७३ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे आरंभीच्या पद्धती ३, ७, १५ अशा, दोनाच्या घाताहून एकाने उण्या, नोंदसंख्यांपुरत्याच चालत. कोणत्याही संख्येस लागू पडणारे रूप प्रथम डी. एच. लेमर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेले दिसते. दहा लाख नोंदींत अवघ्या २० तुलना पुरतात, एवढा लाभ समोर असूनही मध्ये १४ वर्षे गेली!

इतक्यानेही प्रश्न मिटला नाही. मध्य काढताना दोन टोकांच्या स्थानांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ ची मर्यादा ओलांडली की ती ऋण होते, हा दोष जावा भाषेच्या प्रमाण संग्रहातही असल्याचे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखविले. उपाय सोपा आहे: बेरीज न करता, दोन टोकांमधील अंतराचा निम्मा भाग खालच्या स्थानांकात मिळवावा.