खाणीची दुसरी वाट

जमिनीच्या पोटांत शंभर पुरुष खोल उतरून राबणाऱ्या माणसाला सरकारनें कोणती हमी द्यावी, हा प्रश्न आज साधा वाटतो. परंतु त्याचें पहिलें ठोस उत्तर मिळण्यास इंग्लंडांत १८६२ साल उजाडावें लागलें, आणि तेंहि दोनशेंवर माणसें व मुलगे बळी पडल्यावर.

तत्पूर्वीं सरकारचें लक्ष खाणीकडे मुळींच नव्हतें असें नाहीं. १८४२ सालीं पार्लमेंटनें स्त्रियांस व दहा वर्षांखालील मुलांस जमिनीखालीं कामास लावण्याची मनाई केली, आणि पुढच्या वर्षीं ट्रेमेनहीर नांवाच्या गृहस्थांस तिच्या अंमलावर देखरेख करण्यास नेमलें. एवढ्या खाणींवर हा एकटा माणूस! स्वतः खाणींत उतरून पाहण्याचा अधिकार असलेले निरीक्षक नेमले गेले ते १८५० च्या कायद्यानें, आणि तेहि आरंभीं चारच.

नॉर्थंबरलंड परगण्यांत हार्टले येथें एक कोळशाची खाण होती. खालीं उतरण्यास एकच उभी विहीर; बारा फूट रुंद व सुमारें सहाशें फूट खोल. मधोमध लांकडी फळ्यांचा पडदा उभारून तिचे दोन भाग केलेले. एका भागानें ताजी हवा आंत यावयाची व दुसऱ्यानें कोंदट हवा बाहेर जावयाची. माणसें, कोळसा, पंपाचे दांडे, वारा, सर्वांचा राबता त्याच एका विहिरींतून. अशा एकतोंडी खाणी त्या काळीं पुष्कळ होत्या. दुसरी विहीर खणावयाची म्हणजे मोठा खर्च. आणि ज्या खर्चानें एक मणहि अधिक कोळसा वर येत नाहीं तो करावयाचा कशाला, असा मालकांचा हिशेब होता.

१६ जानेवारी १८६२ रोजीं, गुरुवारीं सकाळीं, पाळी बदलण्याची वेळ होती. त्यामुळें दोन्ही पाळ्यांचीं माणसें खालीं होतीं. नेमक्या त्याच वेळीं विहिरीच्या तोंडावरील पंपाच्या एंजिनाची बेचाळीस टन वजनाची बिडाची तुळई मध्यें मोडली व तिचा अर्धा भाग विहिरींत कोसळला. लांकडी पडदा, भिंतींचें अस्तर व दगडमाती बरोबर घेऊन तो वाटेंतच अडकून बसला. पाळण्यांतून वर येत असलेल्या आठ जणांपैकीं तिघे वांचले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. खालचीं माणसें चिरडलीं गेलीं नव्हतीं. पुढें त्यांतील एकाच्या टिपणवहींत दुसऱ्या दिवशींची, म्हणजे शुक्रवारची, नोंद सांपडली; दुपारीं पावणेदोन वाजतां प्रार्थना झाली असें तींत लिहिलेलें होतें. म्हणजे अपघातानंतर एक अहोरात्र उलटून गेल्यावरहि तेथें माणसें जिवंत होतीं, शुद्धीवर होतीं. वर विल्यम कौल्सन या जाणत्या विहीरखणाऱ्याच्या हाताखालीं लोक रात्रंदिवस ढिगारा उपसत होते. नुकतीच विधवा झालेली व्हिक्टोरिया राणी तारेनें विचारपूस करीत होती. सहाव्या दिवशीं वाट मोकळी झाली तेव्हां विषारी वायूनें सर्वांचा अंत झालेला होता. बाप व मुलगे एकमेकांशेजारीं बसलेले आढळले. एकंदर मृत्यु २०४. वरच्या लोकांच्या शौर्याबद्दल कोणासहि शंका नाहीं. पण त्या सगळ्या शौर्याला एका दुसऱ्या विहिरीची सर आली नसती.

सात महिन्यांच्या आंत कायदा झाला. कोळशाच्या खाणीस बाहेर पडण्याच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत, आणि त्या दोहोंमध्यें निदान दहा फूट नैसर्गिक खडक असला पाहिजे, असें त्यानें ठरविलें. मला या नियमाचें मोठें कौतुक वाटतें तें त्याच्या साधेपणामुळें. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ असल्या शब्दांतून वकील वाटेल तो अर्थ काढतील. दोन वाटा मात्र पोरालाहि मोजतां येतात.

पण वाट असून भागत नाहीं. संकटसमयीं तिच्यानें आंत जाणारा माणूस तयार असावा लागतो. १२ डिसेंबर १८६६ रोजीं यॉर्कशायरमधील ओक्स खाणींत वायूचा स्फोट झाला. शेजारचे खाणकामगार धांवून आंत गेले. दुसऱ्या दिवशीं पुन्हां स्फोट झाला आणि त्या मदतगारांपैकीं सत्तावीस जण ठार झाले. मृतांची बेरीज ३६१ वर गेली. शिकविलेलीं बचाव-पथकें व श्वसनयंत्रें खाणींच्या कायद्यांत यावयास ब्रिटनमध्यें १९११ साल लागलें.

आपल्याकडे हीच कथा उशिरानें घडली. १८९७ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींत ५२ व बलुचिस्तानांतील खोस्त येथें ४७ माणसें मेलीं, तेव्हां रेंगाळलेल्या विचारास वेग आला. १९०१ सालीं हिंदुस्थानचा पहिला खाण-कायदा झाला, व १९०२ च्या जानेवारींत कलकत्त्यास निरीक्षणाची कचेरी निघाली. ती १९०८ सालीं धनबादेस गेली. १९३६ च्या डिसेंबरांत राणीगंज भागांतील पोईदीह खाणींत २०९ जण स्फोटानें मेले. बचावाचे नियम झाले १९३९ सालीं, आणि धनबाद व सीतारामपूर येथें बचाव-केंद्रें उघडलीं १९४१ सालीं.

पाणी हा शत्रु मात्र वाटा मोजून आवरत नाहीं. नागपूर राजधानी असलेल्या तेव्हांच्या मध्य प्रदेशांत, छिंदवाड्याच्या बाजूस न्यूटन चिखली येथें १० डिसेंबर १९५४ रोजीं खाणींत पाणी घुसून ६३ माणसें बुडालीं. पाण्यानें भरलेल्या जुन्या कामापासून साठ मीटरांच्या आंत लेखी परवानगीवांचून खणूं नये, असें १९५७ चे नियम सांगत होते. तरी २७ डिसेंबर १९७५ रोजीं धनबादजवळ चासनाला येथें वरच्या जुन्या कामांतील पाणी फुटलें व ३७५ जण गेले. त्या खाणीचा कारभार १९७२ पासून सरकारच्याच हातीं होता. मालकाची खुर्ची आणि निरीक्षकाची खुर्ची एकाच घरांत असली म्हणजे निरीक्षकानें अधिक कठोर व्हावयास हवें. माणसाचा स्वभाव उलट दिशेनें जातो.

आणि १९८९ चा नोव्हेंबर. राणीगंजच्या महावीर खाणींत १३ तारखेस पाणी शिरलें. सहा जण बुडाले, ६५ जण खालीं अडकले. दोन्ही अंगांनीं वाट नव्हती, म्हणून जमिनीवरून नवें भोंक पाडण्यांत आलें, आणि एक माणूस जेमतेम मावेल एवढी पोलादी कुपी घडवून त्यांतून खालीं सोडली. जसवंतसिंग गिल हे अभियंता स्वतः त्या कुपींतून उतरले. एकेका माणसास ते वर धाडीत गेले. सर्व ६५ जण बाहेर पडल्यानंतर ते वर आले.