भयपटांतील अंधार

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या एका विद्यार्थ्यानें गांवच्या पडक्या वाड्यांत घेतलेलें एक लहानसें भुताचें चित्र आम्हांस दाखविलें. पदरचे थोडे पैसे आणि एक साधा कॅमेरा एवढेंच त्याचें भांडवल. चित्र पाहून भीति म्हणून वाटली नाहीं. कारण वाड्याचा कोनाकोपरा स्वच्छ दिसत होता! कॅमेऱ्याचीं सर्व मापें त्यानें यंत्राच्याच स्वाधीन केलीं होतीं, आणि यंत्रास अंधार हा दोष वाटतो; तें तो उजळून टाकतें. अशा बळेंच आणलेल्या उजेडांत चित्रावर करडे कणही उमटतात. भारी कॅमेऱ्यावांचून भयपट होणें नाहीं, असें मानून तो मुलगा हा नादच सोडावयास निघाला होता. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

इ. स. १९२२ सालीं जर्मनींत मुर्नाऊ यानें ‘नोस्फेराटू’ हा मूकपट काढला. त्या काळच्या फिल्मला रात्रीचा उजेड पुरत नसे. म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा घेऊन प्रतींना निळा रंग दिला. पिशाच्चाची गाडी विलक्षण वेगानें धांवावी म्हणून दर सेकंदास नेहमींपेक्षां कमी चित्रें घेतलीं. अरण्याचा एक तुकडा तर निगेटिव्हच दाखविला, त्यामुळें झाडें पांढरीं भासलीं. आणि ज्या प्रसंगानें हा पट अजरामर झाला, त्यांत पिशाच्च दिसतच नाहीं. जिना चढणारी त्याची सावली तेवढी दिसते.

पुढें १९४२ सालीं अमेरिकेंत ल्यूटन हा निर्माता, टूर्नर हा दिग्दर्शक आणि मुसुराका हा छायालेखक यांनीं ‘कॅट पीपल’ हा पट दीड लाख डॉलरांहून कमी खर्चांत उभा केला. त्यांतील मोठा जिनासुद्धां ऑर्सन वेल्सच्या पटासाठीं बांधलेला, आयता मिळालेला. पोहण्याच्या बंदिस्त तलावांत एकटी स्त्री, भिंतीवर पाण्याचे हलते कवडसे, एक सावली आणि एक गुरगुर. भय उत्पन्न होण्यास एवढें पुरलें. २००७ सालच्या ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ला तर सुमारे १५,००० डॉलर लागले. ओरेन पेली यानें तो स्वतःच्याच घरांत घेतला. निजण्याच्या खोलींतील निश्चल कॅमेऱ्यामुळें प्रेक्षक उघड्या दाराकडेच डोळे लावून बसतो.

या तिन्ही पटांत काय दाखवावें यापेक्षां काय झांकावें, याचा निर्णय माणसानें केला. यंत्रावर सोंपविला नाहीं. भयानक रसाचें बीज तेथेंच आहे.

म्हणून नवशिक्यानें प्रथम कॅमेऱ्याची स्वयंचलित व्यवस्था बंद करावी. सेकंदास २५ चित्रें घ्यावींत व प्रत्येकास सेकंदाचा पन्नासावा भाग द्यावा. आपल्याकडील वीज पन्नास आवर्तनांची असल्यानें दिव्यांची लुकलुक त्यांत उमटत नाहीं. भिंगाचें छिद्र मोठें ठेवावें, आयएसओचा आंकडा गरजेपुरताच चढवावा. तो वाढविण्यापूर्वीं दिवा पात्राजवळ सरकवून पाहावा. उजेडाचें माप प्रकाशित चेहऱ्यावर घ्यावें व बाकीचें खुशाल काळोखांत बुडूं द्यावें.

दिवाळींत तो मुलगा पुन्हां त्याच वाड्यांत जाणार आहे. कॅमेरा तोच आहे. या खेपेस आम्हीं त्याच्याबरोबर एक कंदील दिला आहे.