बंद्यांचे हक्क व सूडकारवाईविरुद्धचे दावे

तुरुंगातील गैरवर्तनाविरुद्ध तक्रार केल्यामुळे अधिकाऱ्यांकडून छळ वा जाच झाल्यास बंद्याने न्यायालयाकडे मागितलेली दाद. एकांतकोठडी, भेटी बंद करणे, सवलती काढून घेणे, दूरच्या तुरुंगात बदली इ. उपाय कागदोपत्री शिस्तीसाठी योजलेले दिसतात. त्यांमागील सूडाचा हेतू सिद्ध करणे, हा या दाव्यांतील अवघड भाग होय. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने तुरुंगातील अपराधांची चौकशी करून शिक्षा देण्याचा अधिकार अधीक्षकाकडेच सोपविला. त्यामुळे ज्यांच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्यांच्याच ताब्यात तक्रारदार राहतो.

वऱ्हाडातील अमरावती व अकोला येथील बंद्यांना दाद मागण्यासाठी नागपूरकडे पहावे लागले. नागपूर येथे १९३६ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले. दुसऱ्या महायुद्धकाळातील भारत संरक्षण नियमांखालील अटकांसंबंधी त्याने स्वतंत्र बाणा दाखविला. विमलाबाई देशपांडे यांच्या अर्जावर, अटकेस वाजवी संशय होता हे दाखविण्याची जबाबदारी सरकारवर असल्याचे त्याने ठरविले. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये हा निर्णय उचलून धरला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर वऱ्हाडातील अर्ज मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येऊ लागले.

बंदिवासातही हक्क शिल्लक राहतात, हे तत्त्व महाराष्ट्रातील एका खटल्यातून स्पष्ट झाले. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगात हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने १९६४ मध्ये परवानगी नाकारली. उच्च न्यायालयाने संझगिरी यांच्या बाजूने निर्णय दिला व १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे अपील फेटाळले. स्थानबद्धतेच्या अटींत न बसणारे निर्बंध केवळ अधिकाऱ्यांच्या इच्छेने लादता येत नाहीत, असा त्याचा आशय होता.

सूडकारवाईचा प्रश्न सुनील बात्रा खटल्यात थेट पुढे आला. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील या बंद्याने दुसऱ्या बंद्यावर वॉर्डरने केलेल्या अत्याचाराची माहिती सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला पत्राने कळविली; न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. पीडित बंद्यावर व तुरुंगाच्या डॉक्टरवर दडपण आणून प्रकरण दाबले जात असल्याचा आरोपही पुढे आला. न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी २० डिसेंबर १९७९ रोजी दिलेल्या निर्णयात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवणे, जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीश यांनी भेटी देऊन गाऱ्हाणी ऐकणे आणि वकिलांना बंद्यांशी गोपनीय संपर्क ठेवू देणे हे निर्देश होते. शिक्षेची कोठडी, सवलती नाकारणे वा शिक्षास्वरूप बदली यांस सत्र न्यायाधीशाचे परीक्षण आवश्यक ठरले. तातडीच्या प्रसंगी दोन दिवसांत कळविण्याचे बंधन घातले गेले. रुदुल साह (१९८३) व नीलाबती बेहरा (१९९३) या निर्णयांनी मूलभूत हक्कभंगासाठी नुकसानभरपाईचा मार्ग खुला केला.

अमेरिकेत १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली बंदी दावे करतात. तेथे संरक्षित कृती, तीमुळे झालेली प्रतिकूल कारवाई व दोहोंमधील कार्यकारणसंबंध दाखवावा लागतो. १९९६ च्या कायद्याने आधी तुरुंगातील तक्रारयंत्रणेकडे जाणे सक्तीचे केले. तथापि धाकदपटशामुळे ती यंत्रणा निरुपयोगी झाल्यास ही अट लागू होत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले. भारतात असा स्वतंत्र दावाप्रकार विकसित झालेला नसून मुख्य आधार रिट अर्जाचा आहे.

२०१७ मध्ये मुंबईच्या भायखळा तुरुंगात मारहाणीनंतर एका स्त्री-बंद्याचा मृत्यू झाला. त्याबद्दल तुरुंग कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. निषेध करणाऱ्या स्त्री-बंद्यांवरही दंगलीचा गुन्हा नोंदविण्यात आला. तक्रार करणाऱ्यास संरक्षण नसेल, तर हक्काची घोषणा अपुरी ठरते, हे यावरून दिसते. म्हणूनच अमरावती वा अकोल्यातील बंद्याच्या दृष्टीने नागपूरच्या खंडपीठाइतकेच महत्त्व आपल्याच जिल्ह्यातील सत्र न्यायाधीशाच्या नियमित भेटीला व अधीक्षकाच्या हातून न जाणाऱ्या अर्जाला आहे.