आजीच्या कुड्या, आपले टॉप्स

कुणी शेतातून आत्ताच आल्या असाल, कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल. हात चालू द्या, कान मात्र आमच्याकडे द्या. कारण आज आपण कानाविषयीच बोलणार आहोत.

आमच्या गटाच्या एका बैठकीत एक मावशी रुमालाच्या गाठीत मोत्याच्या कुड्या घेऊन आल्या. सासूच्या सासूपासून चालत आलेल्या. नातीच्या कॉलेजची फी भरायची होती, म्हणून मोडायला नेल्या होत्या. सोनाराने मोती बाजूला धरले आणि नुसत्या सोन्याचा अंदाज सांगितला. मोत्यांचं काही धरता येणार नाही म्हणाला. मावशी आम्हाला म्हणाल्या, “अगं, या कुड्यांपायी आमच्या घरात दोन जावा वर्षभर बोलत नव्हत्या. आणि आता त्याला मोलच नाही?”

हा प्रश्न घेऊन आम्ही बसलो. पुस्तकं चाळली, म्हाताऱ्या बायांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते आज सांगतो.

कान सजवायची हौस फार जुनी. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या लेण्यात दाराशी बाया-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. दोन हजार वर्षं होत आली त्यांना. त्यांच्या कानांतले दागिने पाहा, केवढे जाड आणि मोठे! नाकात मात्र काही नाही. आपण जिला अस्सल मराठमोळी म्हणतो ती नथ नंतर, मध्ययुगात आली. कान आधी, नाक मागाहून. अजिंठ्याच्या चित्रांत मोत्यांच्या सरीच्या सरी दिसतात, आणि त्या बायांइतक्याच पुरुषांच्या अंगावर दिसतात.

पेशवाईत मोत्याचा थाट वाढला. फुलासारखी मोत्याची कुडी, कानाच्या वरच्या पाळीत बुगडी, आणि जड दागिन्याचा भार केसांकडे ओढून धरणारे मोत्याचे वेल. गळ्यात तन्मणी आणि चिंचपेटी. पुरुषांच्या कानात भिकबाळी. आपल्या खेड्यापाड्यांत मोती क्वचितच दिसे. तिथे बाळ्या, झुबे, तानवडी असायची. ऐपत असेल तर सोन्याची, नाहीतर चांदीची किंवा साध्या धातूची. कानाकडे पाहून बाई कुठल्या घरची, कुठल्या जातीची, सवाष्ण की विधवा, हे गाव ओळखत असे. म्हणून तर १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांना सांगितलं, की ज्या लुगड्याच्या पद्धतीवरून आणि ज्या जड दागिन्यांवरून लोक तुम्हाला अस्पृश्य म्हणून ओळखतात, ते सोडून द्या. दागिना टाकणं हीसुद्धा कधी कधी मोठी गोष्ट असते.

आता हे मोती यायचे कुठून? आपल्याकडे ‘बसरा मोती’ म्हणतात. बसरा हे इराकमधलं बंदर. पण मोती निघायचा तो बहरीन, कतार, कुवेतच्या समुद्रात. आज आपल्या कोकणातली माणसं नोकरीला जातात तेच हे आखात. उन्हाळ्याचे चार महिने तिथले पाणबुडे होड्यांवर राहायचे. नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली, आणि एका दमात तळाशी. वर आणलेले शिंपले फोडायचे, तर बहुतेक रिकामेच.

या पाणबुड्यांना हंगामाआधी पैसे मिळायचे. आपल्या ऊसतोड कामगाराला मिळते ना, तशीच ती उचल. हंगाम संपला तरी ती फिटत नसे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचं. असा काढलेला मोती व्यापारी मुंबईला आणत. तिथे त्याची निवड व्हायची, त्याला भोक पाडलं जायचं, आणि मग तो पुण्याच्या वाड्यापासून पॅरिसपर्यंत जायचा. सौदा बोलून होत नसे. रुमालाखाली हातात हात घालून, बोटं दाबून भाव ठरायचा.

शंभर वर्षांपूर्वी या मोत्याला केवढा भाव होता, त्याचं एक उदाहरण सांगतो. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्टिये नावाच्या जवाहिऱ्याने एका श्रीमंताची भर पेठेतली हवेली घेतली. बदल्यात काय दिलं? मोत्यांचा दोनपदरी हार आणि वर शंभर डॉलर. हाराची किंमत धरली होती दहा लाख डॉलर. तोच हार १९५७ साली लिलावात गेला, तेव्हा आले साधारण दीड लाख. हवेली मात्र आजही उभी आहे.

मधल्या चाळीस वर्षांत काय झालं? जपानमध्ये मिकिमोतो कोकिची नावाचा, शेवयांसारखा पदार्थ विकणाऱ्या घरातला माणूस होता. त्याने शिंपल्यात मुद्दाम खडा सरकवून मोती तयार करायचा ध्यास घेतला. १८९३ साली त्याला अर्धगोल मोती मिळाला, आणि १९२० च्या सुमारास गोल मोती बाजारात आले. मोत्याची जणू शेती सुरू झाली. हे मोती खोटे नव्हेत, शिंपल्यातच वाढलेले असतात. म्हणूनच नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. त्यात १९२९ साली जगभर मंदी आली. नैसर्गिक मोत्याचा भाव कोसळला आणि आखातातला धंदा बसला. पुढे चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांत मोती पिकू लागले, आणि मोत्याचे कानातले बाजारहाटातसुद्धा मिळायला लागले.

आपल्याकडे फॅशनही बदलली. मोठ्या कुड्या-बुगड्या जाऊन डूल, रिंगा आणि फिरकीचे टॉप्स आले. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९ च्या चित्रपटातल्या लावणीने बुगडीचं नाव घरोघरी नेलं खरं, पण कानाच्या वरच्या पाळीला भोक पाडायला पोरी तयार होईनात. त्यात १९६३ साली सरकारने सोन्यावर बंधनं घातली. नवा दागिना १४ कॅरेटच्या वरचा घडवायचा नाही असा नियम आला, आणि कितीतरी सोनार बेकार झाले. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा तर १९९० पर्यंत होता. अलीकडे सिनेमा आणि मालिकांमुळे बुगडी परत आली आहे. पण आता ती प्रेसची, भोक न पाडता लावायची. हौस फिटते, खर्च बेताचा. त्यात वाईट काही नाही, आम्हीही घालतो. फक्त हौसेचा दागिना कोणता आणि अडीनडीचा कोणता, हे आपल्याला ठाऊक हवं.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. मोडताना किंवा तारण ठेवताना वजन फक्त सोन्याचं धरतात, मोती आणि खडे वजा होतात. आजच्या बहुतेक मोत्यांना मोड नसते. पण जुना, समुद्रातून पाणबुड्याने काढलेला मोती आता दुर्मीळ झाला आहे, आणि चांगल्या मोत्याला पुन्हा भाव आला आहे. म्हणून पणजीच्या काळचे मोती सोनाराकडे सोडून येऊ नका. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासून बघा. किंचित खरखरला तर शिंपल्यातला, गुळगुळीत लागला तर बहुधा काचेचा किंवा प्लास्टिकचा. तो नैसर्गिक की शेतीतला, हे मात्र रत्नांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनीच कळतं. मोती बारीक असतील तर फार पैसे येतीलच असंही नाही. पण आधी कळू तर द्या, मग ठरवा.

नवं सोनं घेताना हॉलमार्क बघा. २२ कॅरेटला ९१६ आकडा असतो आणि सोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो शिक्का सोन्याचा असतो, मोत्याचा नाही. पावतीवर सोन्याचं वजन आणि मोत्याचं वजन वेगळं लिहून घ्या. आणि पावती स्वतःच्या नावाने घ्या. लग्नात मिळालेला दागिना हे बाईचं स्त्रीधन असतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिला त्याची पूर्ण मालकी दिली आहे. नवऱ्याने, सासऱ्याने तो मोडायचा तर तिला विचारूनच.

मावशींनी कुड्या मोडल्या नाहीत. फीसाठी गटातून कर्ज घेतलं आणि हप्ते चालू आहेत. मोती तपासायला कधी तरी शहरात न्यायचे ठरलं आहे. तोवर ती नात सणासुदीला कुड्या घालते.

या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि तिच्या कानात लहानपणापासून काय काय होतं ते विचारा. त्यातलं काय मोडलं, कशासाठी मोडलं आणि कुणी ठरवलं, तेही विचारा. पुढच्या बैठकीत ते सांगायला या. आम्ही ऐकायला आहोतच.