देहाच्या वजनाची नोंद : तुळेपासून मोबाईलपर्यंत (जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात)

मराठीत ‘वजन’ हा शब्द अरबीतून आला आणि येथे रुळताना त्याने दोन अर्थ धारण केले. एक काट्यावरचे वजन, दुसरे सरकारदरबारचे. ज्याचे वजन आहे त्याचा शब्द चालतो. देहाविषयीचे आपले जुने शब्दभांडारही याच वळणाचे आहे. मूल ‘बाळसे धरते’, माणूस ‘अंग धरतो’, सून ‘खात्यापित्या घरची’ दिसते. उलट ‘रोडावणे’, ‘वाळणे’, ‘खंगणे’ ही क्रियापदे दुःखाची व दारिद्र्याची आहेत. स्थूलतेची निंदा करणारे ‘पोट सुटणे’ यासारखे प्रयोग आहेत. परंतु त्यांत भीतीपेक्षा थट्टाच अधिक आढळते. ज्या समाजाने दुष्काळ वारंवार पाहिले, त्याच्या भाषेने देहाच्या भरीवपणाला शुभ मानावे यात नवल नाही. अशा समाजात वजन उतरविण्यासाठी रोजची नोंद ठेवणारा, आणि ती नोंद हातातील यंत्रावर ठेवणारा मनुष्य केव्हा व कसा निर्माण झाला, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न होऊ शकतो. प्रस्तुत लेखात त्याचा काही भागच पाहावयाचा आहे.

जुन्नरचा परिसर मापांना अपरिचित नव्हता. सातवाहनकालीन नाणेघाटातील लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई व कार्षापण यांची संख्यावार गणती आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचा उल्लेख येतो. धान्य, धातू, जकात या सर्वांना माप होते. देहाला मात्र वजनाचे माप नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचीही गणना आठ निंदित पुरुषांत केली आहे आणि त्यांतही स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण मानली आहे. परंतु विमानस्थानात देहाचे प्रमाण सांगताना परिमाण घेतले आहे ते ज्याच्या त्याच्या स्वतःच्या अंगुलाचे. देह देहानेच मोजावयाचा, ही ती कल्पना. आपल्याकडील करदोटाही नकळत हेच काम करीत आला. तो काचू लागला की कंबर वाढली, हे सांगावयास दुसरे कोणी लागत नसे.

मनुष्यास तराजूत घालण्याचा प्रसंग येई तो तुलादानाचा. भीमाशंकरच्या डोंगरांत उगम पावणारी भीमा जेथे इंद्रायणीस मिळते, त्या नांगरगावास तुळापूर हे नाव 1633 च्या सुमारास मुरार जगदेवाने तेथे केलेल्या तुळेमुळे पडले, अशी परंपरा आहे. हत्तीस नावेत चढवून पाण्याची रेघ आखावयाची व मग तितकेच दगड नावेत भरावयाचे, ही युक्ती शहाजीराजांनी सुचविल्याची कथाही तिच्याशी जोडलेली आहे. 1674 मध्ये रायगडावर झालेल्या शिवछत्रपतींच्या तुलेविषयी इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने सुमारे 16,000 होनांचा आकडा नोंदविला. या आकड्यावरून महाराजांचे वजन काढण्याचा मोह अनेकांना झाला आहे. परंतु होन कोणता धरावयाचा? विजयनगरी धर्तीचा सुमारे 3.4 ग्रॅमचा धरला तर चौपन्न किलोंच्या आसपास उत्तर येते, सुमारे 2.8 ग्रॅमचा शिवराई होन धरला तर ते पंचेचाळिसाच्या आत येते. शिवाय मूळ आकडा गोळाबेरजेचा. परिमाण निश्चित नसेल तर आकडा कितीही नेमका दिसो, त्यातून ज्ञान होत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हाच घोटाळा अगदी आधुनिक वेषात भेटणार आहे.

इंग्रजी अमदानीत सामान्य मनुष्याचा देह सरकारी हिशेबात आला तो मुख्यतः दुष्काळाच्या निमित्ताने. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरास दररोज एक पौंड धान्य पुरेसे ठरविले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्याविरुद्ध काम सोडले आणि पुणे सार्वजनिक सभेनेही या धोरणास विरोध केला. किती अन्नावर देह टिकतो, हा प्रश्न दख्खनमध्ये प्रथम अशा क्रूर रीतीने विचारला गेला. पुढे मोठ्या स्थानकांवर नाणे टाकताच वजनाचे तिकीट देणारी यंत्रे आली. परंतु जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत रेल्वेच नव्हती. तेथील जे लोक मुंबईस गिरणीत वा भाजीबाजारात गेले, त्यांनाच ही मौज ठाऊक झाली असावी.

आता शास्त्राकडे वळू. वजनास उंचीच्या वर्गाने भागण्याचे सूत्र बेल्जियमच्या क्वेटलेट याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. 1972 मध्ये अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव रूढ केले. 25 च्या वर जादा वजन व 30 च्या वर लठ्ठपणा, या मर्यादा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या निरीक्षणांवरून ठरल्या. त्या जशाच्या तशा आपल्यास लागू पडत नाहीत, हे ज्या संशोधनाने दाखविले त्यातील महत्त्वाचा भाग पुणे जिल्ह्यातच झाला. के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढे त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत या खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे 3.5 किलो होते. परंतु वजनाच्या मानाने पाठीवरील त्वचेखालची चरबी या लहानग्यांत टिकून होती. स्नायू कमी, चरबी मात्र राखलेली. म्हणजे दिसावयास कृश व अंतरी स्थूल. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांचे जोडछायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक 22.3, चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे 9.1 टक्के, तर याज्ञिक यांचे 21.2 टक्के. शेकडो पानांचे विवेचन या एका चित्रात सामावले होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकसमूहांसाठी 23 व 27.5 हे सावधगिरीचे टप्पे सुचविले. 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी 23 पासून जादा वजन, 25 पासून लठ्ठपणा, आणि पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर कंबर ही मर्यादा मांडली.

म्हणून नारायणगावचा एखादा टोमॅटो उत्पादक अथवा मंचरचा व्यापारी मोबाईलवर उंची व वजन भरतो आणि यंत्र त्यास 24.5 हा आकडा हिरव्या रंगात दाखविते, तेव्हा होनाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : परिमाण कोणाचे? कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी, उसाने व दोन सहकारी साखर कारखान्यांनी या तालुक्यांच्या पूर्वभागातील जीवन पालटले. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, पायवाटेची मोटारसायकलने. देहास कष्ट कमी झाले. आहाराच्या सवयी मात्र कष्टाच्या काळातील राहिल्या.

या परिस्थितीत महाराष्ट्रात मोबाईलच्या साहाय्याने वजन उतरविण्याची सर्वांत मोठी लोकचळवळ उभी राहिली ती डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची. दीक्षित हे जनवैद्यकाचे प्राध्यापक. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार (1954–2004) यांची, हे ते आवर्जून सांगतात. दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावयाचे, मधल्या वेळी खावयाचे नाही, आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावयाचे, असा हा सुटसुटीत नियम. त्याचा प्रसार यूट्यूबवरील मराठी व्याख्यानांनी व व्हॉट्सअ‍ॅपवरील गटांनी केला. आरंभी रक्तातील इन्सुलिन व एचबीएवनसी तपासावे, वजन व कंबर यांची नोंद ठेवावी, ती गटात कळवावी, अशी पद्धत. वैद्यकाच्या काट्यावर ही आहारपद्धती कितपत उतरते याविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद झाले व ऋजुता दिवेकर यांच्या ‘थोडे थोडे, पुनःपुन्हा’ या मताशी तिची तुलना घरोघर झाली. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलू नयेत, एवढे मात्र निर्विवाद आहे. आम्हांस येथे लक्षात घ्यावयाचे ते दुसरेच. या गटांची रचना हरिपाठाच्या वा भिशीच्या मंडळीसारखी आहे : नियम थोडे, हजेरी रोजची, आणि चुकल्यास विचारणारे चौघे. यंत्र नवे असले तरी टिकवून धरणारी शक्ती जुनीच आहे.

प्रयोगांचा कौलही याच दिशेचा दिसतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या दक्षिण भारतातील अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 537 पुरुष होते. दोन वर्षे मोबाईलवरून आहार-व्यायामाचे संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांस मधुमेह झाला. न मिळालेल्यांत हे प्रमाण 27 टक्के होते. उलट 2016 मधील एका अमेरिकन प्रयोगात, सर्वांनाच आहार-व्यायामाचे मार्गदर्शन दिल्यावर, दंडावर बांधावयाचे मापकयंत्र ज्यांस दिले त्यांचे वजन चोवीस महिन्यांत सरासरी 3.5 किलो उतरले. ज्यांस ते न देता स्वतः नोंद ठेवावयास सांगितले त्यांचे 5.9 किलो. आकडे आपोआप जमू लागले की मनुष्य ते पाहणे सोडतो, असा यावरून तर्क करता येईल. तो सिद्ध झाला असे मात्र म्हणता येणार नाही.

पश्चिमेकडील चित्र याच्या अगदी उलट आहे. घाटघर, हातवीज, आहुपे या भागांत महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यांवर निर्वाह चालतो. येथे काट्याकडे पाहिले जाते ते वजन वाढले का हे कळण्यासाठी. 1975 मध्ये देशात सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीत वृद्धिपत्रक आणले. सेविकेने बालकास वजनकाट्यावर घ्यावयाचे, कागदावर टिंब काढावयाचे, टिंबे जोडावयाची, आणि रेघ सपाट झाली तर आईस सांगावयाचे. 1 मार्च 2021 पासून ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाईलवरील साधनाने ही नोंद केंद्राकडे जाऊ लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. यंत्रे निकामी होत होती, आणि साधनाची भाषा मराठी नव्हती. पुढे ते अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले. या तक्रारीस केवळ कर्मचाऱ्यांची अडचण समजणे अन्यायाचे होईल. जी नोंद करणाऱ्यास वाचता येत नाही, ती आईस समजावून कशी देता येणार? कागदावरची वाकडी रेघ दोघींना दिसत असे.

याच प्रदेशात आर्वी येथे 1970 च्या दशकाच्या आरंभी परदेशांशी उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे केंद्र उभे राहिले, आणि खोडद येथे रेडिओ कोलाहल कमी म्हणून तीस प्रचंड तबकड्यांची महादुर्बीण आली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. आज मोबाईलचा कोलाहल त्या दुर्बिणीस जाचतो आणि काही डोंगराआडच्या वाड्यांस मात्र त्याची चाहूल कष्टानेच लागते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यातून एक निकडीचे काम निघते. पेशवे दप्तरातील कागद दोन-अडीचशे वर्षे टिकला. व्हॉट्सअ‍ॅपवरील गटात एखाद्या गृहिणीने सहा महिने नित्यनेमाने लिहिलेले वजन, कंबर व त्यासोबतचे दोन शब्द फोन बदलताच नष्ट होऊ शकतात. पोषण ट्रॅकरमधील आकडे राहतील, परंतु त्यांत सेविकेचा शेरा नसेल. जुन्या वृद्धिपत्रकांच्या वह्यांत असे शेरे असण्याचा संभव अधिक : बाळाची आई तोडीला गेली, हिरड्याचा हंगाम, गोवर. या वह्या कोणत्या अंगणवाड्यांत, ग्रामपंचायतींत वा प्राथमिक आरोग्य केंद्रांत शिल्लक आहेत, याची गाववार यादी घोडेगावपासून आरंभ करून करता येईल. बालकांची नावे झाकून, पालकांची व कार्यालयांची संमती घेऊन, त्यांच्या प्रती काढाव्या लागतील. पावसाळ्यापूर्वी पश्चिम भाग व दिवाळीनंतर पूर्व भाग, असा क्रम ठेवणे सोयीचे.