स्थलांतरित कामगार हक्क करार
परदेशात राबणाऱ्या कामगारांना व त्यांच्या कुटुंबीयांना भेदभावापासून संरक्षण देणारा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय करार. आमसभेने तो १८ डिसेंबर १९९० रोजी स्वीकारला व १ जुलै २००३ रोजी तो अंमलात आला. अधिकृत कागदपत्रे नसलेल्या कामगारांचेही मूलभूत हक्क त्यात मान्य केले आहेत. मालकाने कामगाराचा पासपोर्ट काढून घेणे वा नष्ट करणे बेकायदेशीर ठरते (अनुच्छेद २१). सामूहिक हकालपट्टीस मनाई असून (अनुच्छेद २२) वेतनाबाबत स्थानिकांच्या बरोबरीची वागणूक बंधनकारक आहे (अनुच्छेद २५). अंमलबजावणीवर १४ तज्ज्ञांची समिती देखरेख ठेवते. तथापि अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व भारत यांनी करारास अनुसमर्थन दिलेले नाही. त्यामुळे संरक्षणाची सर्वाधिक गरज असलेले लाखो कामगार त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.